ग्लास

माज्या लडकूचा डावा डोळा माज्या जिभेनं गेला, असं कागदावर लिवलंय. खाली माजा अंगठा हाय. एक कागद शहापूरच्या हापिसात, एक मुंबईला, एक आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत. मला वाचता येत नाय, पण सुनेला येतं, आन् मी तिला तो दोनदा वाचायला लावला. आता तुमी माजं ऐका. मी सकुबाय, आन् मला मधी अडवलेलं चालत नाय.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडं, शहापूरवरनं मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून. सगळ्यांची भातं. दिवाळीनंतर खळ्यावर झोडणी सुरू झाली की कुसळ उडतं, आन् दर साली दहा-बारा जणांच्या डोळ्यात जातं. असा माणूस डोळा दाबून माज्या ओट्यावर येतो. मी मिठाच्या पाण्यानं चूळ भरते, त्याला उजेडाकडं तोंड करून बसवते, बोटानं पापणी उलटते आन् जिभेच्या शेंड्यानं कुसळ काढून घेते. कुसळ खरखरीत असतं, जिभेला लगेच लागतं. काढलं की त्याच्याच तळहातावर थुंकते, म्हंजे त्याला दिसतं. माज्या सासूनं, धोंडूबायनं, मला हे शिकवलं. तिला पैसा नको होता, मलापण नको. शाळेचे मास्तर येऊन गेलेत, पंचायतीचा शिपाई येऊन गेलाय. गावात माजी जीभ दोनच कामांसाठी ठावी हाय, शिव्यांसाठी आन् डोळ्यांसाठी. शिव्या खाऊन गेलेला माणूसपण डोळ्यात कुसळ गेलं की गुमान माज्याच ओट्यावर यायचा.

दोन हजार एक साली दिवाळी झाली आन् रस्त्याच्या कडेनं केबल टाकायला माणसं आली. फोनची केबल, मुंबईच्या कंपनीची. काम ठेकेदाराकडं, आन् ठेकेदाराचा सुपरवायझर भोपी नावाचा, कल्याणचा. जीपमधनं उतरायचा तो चिडलेलाच उतरायचा. आमच्या गावातले पंधरा जण खणायला लागले, त्यात माजा लडकू. अठ्ठावीस वर्षांचा, लग्न झालेला, अंगानं बारीक पण हात येवढा हलका की घड्याळ उघडून परत लावायचा. ते कुणीतरी बघितलं आन् महिन्याभरात त्याला खणण्यातनं काढून जॉइंटरच्या हाताखाली दिला.

जॉइंटर म्हंजे केबलीची दोन टोकं जोडणारा. पिल्ले त्याचं नाव, केरळकडचा. रस्त्याकडंला खड्ड्याजवळ छोटा तंबू लावून, पुढ्यात काळं कापड अंथरून, मशीन घेऊन बसायचा. लडकू घरी येऊन सांगायचा, आये, केबलीच्या आत केसासारखे धागे हायेत, निळे, हिरवे, नारंगी, आन् वरचा रंग सोलला की आत पाण्यासारखा तंगूस. तंगूस म्हंजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. भातसाच्या धरणावर जाळी टाकणाऱ्यांकडं असतो, आमच्या घरातपण होता. सगळी पोरं त्याला तंगूसच बोलायची. "आज किती तंगूस जोडला रे," असं मी पण इचारायची. मला कौतुक. माजा पोऱ्या आता मातीत नाय, सावलीत बसून मशीनवर काम करतो, हे मी विहिरीवर दहा बायांना सांगून आली होती.

पिल्ले कमी बोलणारा. त्याच्या डोळ्याला कायम चष्मा, बाजूनं पण बंद असलेला. सोललेल्या तंगूसाचा बारकासा तुकडा पडला तरी तो चिमट्यानं उचलायचा आन् झाकणाच्या बाटलीत टाकायचा. पोरं हसायची. सोनारपण येवढा कण कण वेचत नाय, बोलायची. त्यांना वाटायचं माल महाग असेल, कंपनीला परत मोजून द्यावा लागत असेल. लडकूलापण तसंच वाटलं. मलापण. इचारायचं कुणी? पिल्लेला मराठी येत नाय, भोपीला इचारलं तर तो आयमाय काढतो.

पहिल्या दिवशी पिल्लेनं लडकूला एक गोष्ट सांगितली होती. काळ्या कापडाकडं बोट करून बोलला, "ग्लास है, संभालो." लडकूनं बघितलं तर कापडाच्या कडंला त्याचाच चहाचा ग्लास, स्टीलचा, अर्धा भरलेला. सांडला तर मशीन खराब होईल. लडकूनं पटकन ग्लास उचलून लांब ठेवला आन् बोलला, "सॉरी साब." पिल्लेनं मान डोलावली. झालं. एकाला वाटलं सांगितलं, दुसऱ्याला वाटलं ऐकलं. त्या दिवसापासून माज्या पोरानं चहा कधी कापडाजवळ नेला नाय, येवढा तो सांगितलेलं ऐकणारा.

चष्म्याचं पण सांगते. एकदा मुंबईचा साहेब काम बघायला येणार होता. त्या दिवशी सकाळी भोपीनं जीपमधनं खोका काढला, पंधरा जणांना पंधरा चष्मे दिले, डोक्याला टोप्या दिल्या आन् वहीत सह्या घेतल्या. साहेब आला, फोटो निघाले, साहेब गेला. साहेबाची गाडी वळणाच्या पलीकडं जाते न जाते तोच भोपीनं चष्मे गोळा करून खोक्यात भरले. नवे हायेत, खराब कराल, बोलला. सह्या वहीतच राहिल्या. पोरं घरी आली ती हसत, कुणीच मनाला लावून घेतलं नाय. मी पण हसली, खोटं कशाला बोलू.

पौषातली गोष्ट. दुपारी पिल्ले पुढच्या खड्ड्यावर मशीन घेऊन गेला होता आन् लडकू मागं सामान आवरत होता. भोपीची जीप निघायची घाई. तो ओरडला, ते कापड गुंडाळ आन् टाक जीपमध्ये. आता कापड गुंडाळायचं म्हंजे आपण आधी झटकतो का नाय? खळ्यावरचं फडकं झटकतो, अंथरूण झटकतो. लडकूनं पण ते कापड चार बोटांत धरलं आन् वाऱ्यात झटकलं. वारा तोंडावरचा. त्याला डोळ्यात टोचल्यासारखं झालं, पाणी आलं, त्यानं मुठीनं चोळला आन् जीपमध्ये चढला. भोपीला बोलला, डोळ्यात काय गेलं. भोपी बोलला, धूळ हाय, जाईल.

संध्याकाळी घरी आला तो डोळा लाल घेऊन. मी इचारलं, काय गेलं रे? तो बोलला, तंगूसाचा तुकडा असेल. मंग काय, म्हटलं, ये बस. चूळ भरली, पापणी उलटली, जीभ फिरवली. जिभेला काय लागलं नाय. कुसळ असतं तर लागलं असतं. मी परत फिरवली, जरा दाबून फिरवली, कोपऱ्यापर्यंत. थुंकली तर हातावर निस्ती थुंकी. लडकू बोलला, आये, जरा बरं वाटतं. बरं वाटणारच, ओलावा लागला म्हंजे घटकाभर वाटतंच.

दुसऱ्या दिवशी परत टोचायला लागलं. सकाळी मी जीभ लावली, संध्याकाळी लावली. तो त्या डोळ्यानं कामावर जात होता, कारण भोपी बोलला होता की उद्या नाय आलास तर तुज्या जागेवर दुसरा बसेल. तिसऱ्या दिवशी पापणी सुजली, तरी मी दोन्ही वेळा लावली. अनिता, माजी सून, बोलली की शहापूरला डॉक्टरकडं नेते. तिला मी काय काय बोलली ते आता मला आठवायला नको वाटतं. तुज्या बापाच्या डोळ्यातलं कुसळ कुणी काढलं होतं गो, डॉक्टरनं का मी? असं बोलली. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका आला, भाताच्या दाण्यायेवढा. त्या दिवशी तिनं मला इचारलंच नाय. नवऱ्याला हाताला धरून एसटीत बसवला. मी मागनं पळत जाऊन चढली.

तो एक दिवस माजा हाय. बाकी कुणाचं काय असेल ते असो, तो तिसरा दिवस मी खाल्ला.

शहापूरच्या डॉक्टरनं बघितलं आन् लगेच मुंबईला चिठ्ठी दिली. तिथं मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, बारीकशी, माज्या सुनेच्या वयाची. तिनं लडकूची हनुवटी यंत्रावर टेकवली आन् खूप वेळ बघत राहिली. मंग आमाला बाहेर घेऊन इचारलं, डोळ्याला काय काय लावलं? मध लावला? पाला पिळला? खरं सांगा, त्यावरच औषध ठरतं. लडकू खाली बघत होता. मी बोलली, मी जीभ लावली बाय, पाच वेळा. तिनं डोकं धरलं नाय, ओरडली नाय, निस्तं लिवून घेतलं. मंग बोलली, आत काच हाय.

काच? मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा कागद तिच्या हातात हाय. काच कुठली? आमच्यात कुणी काच फोडली नाय. लडकूपण बोलला, मॅडम, केबलीचा तुकडा हाय, तंगूस. तिनं समजावलं की त्या केबलीतला धागा काचेचाच असतो, केसाहून बारीक, रंग सोलला की नजरेला दिसत नाय, आन् घुसला तर सुईसारखा घुसतो. जीभ फिरवून तो वर येत नाय, आणखी आत जातो, आन् तोंडातले जंतू त्याच्यासोबत जातात. मी इचारलं, पहिल्या दिवशी आणला असता तर? ती बोलली, चोळला नसता, स्वच्छ पाण्यानं धुऊन तसाच आणला असता, तर वाचला असता.

मी तिथंच खाली फरशीवर बसली. काच म्हटलं की आमच्यात पोर पण लांब होतं. बांगडी फुटली तर मी आधी अख्खं घर झाडते, मंगच कुणाला आत येऊ देते. मी काचेला जीभ लावीन? माज्या पोराच्या डोळ्यातल्या? कुणीतरी एकदा, निस्तं एकदा, काच हाय येवढं बोललं असतं तर लडकूनं ते कापड झटकलं नसतं आन् मी त्याच्या डोळ्याजवळ तोंड नेलं नसतं. महिनाभर औषधं झाली. काच निघाली, उजेड नाय आला. डोळा हाय तिथंच, पण उकडलेल्या अंड्यासारखा.

मंग चौकशी लागली. शहापूरच्या बाजारात दुकानावर ठेकेदाराचं हापिस, तिथं मुंबईचा साहेब बसला. गावात कुणीतरी सांगितलं होतं की कामावर डोळा गेला असं लिवलं तर कंपनीला लडकूला कायमचा घ्यावा लागेल, फोनच्या बूथवर, बसून राखण करायला. एका डोळ्याच्या माणसाला आणखी कोण घेतो? खणायला गेला तर टिकाव दुसऱ्याच्या पायात पडेल. तेव्हा सगळं त्या कागदावर होतं. शहापूरला जाताना एसटीत लडकू मला बोलला, "आये, तू जीभ लावली ते सांगू नको. पाण्यानं धुतला, येवढंच सांग."

मी जन्मात खोटं बोलली नाय असं नाय, पण तोंडावर कधी नाय. तोंडावर मी खरंच बोलते, म्हणून तर माजं कुणाशी पटत नाय. पण पोरगा बोलला, मी हो बोलली.

हापिसात साहेब, भोपी, पिल्ले आन् आमी तिघं. साहेब चांगलं बोलला, पाणी दिलं, मला मावशी बोलला. आधी पिल्लेला हिंदीत इचारलं, याला सावध केलं होतं का? पिल्ले बोलला, पहिल्याच दिवशी बोललो, ग्लास है, संभालो. साहेबानं ते लिवलं. लडकूला इचारलं, असं बोलला होता का? लडकू बोलला, बोलला होता, म्हणून मी चहाचा ग्लास उचलून लांब ठेवला. भोपी खो खो हसला. साहेबपण हसला, मंग खोकला. पिल्लेला मराठी कळलं नाय, तो सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसला.

मंग चष्मा. लडकू बोलला, एक दिवस दिला आन् काढून घेतला. भोपीनं वही पुढं केली. सही लडकूचीच, सातवीपर्यंत शिकलेला, झकास अक्षर.

मंग माजी पाळी. साहेबानं इचारलं, "मावशी, घरी डोळ्याला काय लावलं होतं?"

"काय नाय. पाण्यानं धुतला."

"जीभ वगैरे?"

"नाय."

साहेबानं फाइल उघडली. दवाखान्याचे सगळे कागद घेऊन या असं त्यांनीच कळवलं होतं, आन् अनितानं नीट लावून, टाचणी मारून आदल्या आठवड्यात दिले होते. त्यातला एक त्यानं वाचला, आधी इंग्रजीत, मंग आमाला कळावं म्हणून मराठीत. पेशंटच्या आईने जिभेने पाच वेळा डोळा चाटल्याचे स्वतः सांगितले.

साहेब बोलला, मावशी, तुमी इथं खोटं बोलता, तर चष्म्याचं तुमचा मुलगा बोलतो ते मी कसं खरं मानू? त्याच्या आवाजात राग पण नव्हता. बायांना, सासऱ्याला, तलाठ्याला, कुणाला मी सोडलं नाय, आन् तिथं मला एक शब्द आला नाय. अनिता रडायला लागली, कागद तिनं दिले म्हणून. तिची काय चूक? तिनं सांगितलं ते केलं.

साहेबानं लिवलं. कामगारास काचेबाबत पूर्वसूचना दिली होती, सुरक्षेचा चष्मा दिला होता, डोळा घरगुती उपचाराने निकामी झाला. खाली लडकूची सही, माजा अंगठा. तुमी इचाराल, अंगठा का दिलास? साहेबानं धरून घेतला नाय. मीच दिला. कारण त्यातलं एक वाक्य खरं होतं, आन् ते माजं होतं.

जिन्यावरनं उतरताना लडकू पुढं होता. डाव्या बाजूची पायरी त्याला नीट दिसत नाय, भिंत चाचपत उतरत होता. मागं न बघता बोलला, "आये, दवाखान्यात खोटं बोलायचं होतंस, आन् हितं खरं." येवढंच बोलला. त्या दिवसापासून तो मला वाईट बोललेला नाय, चांगलंपण बोललेला नाय.

खाली रस्त्यावर पिल्ले उभा होता, आमचीच वाट बघत. मी त्याला फाडून खायच्या तयारीत होती. साहेबापुढं बसलेली जीभ आता सुटली होती. पण तो हात जोडून उभा, डोळे भरलेले. बोलला, अम्मा, मैं झूठ नहीं बोला, मैंने बोला था. मी बोलली, बोललास रे बाबा, पण काय बोललास? ग्लास बोललास. शेजारी चहाची टपरी होती, तिथला एक ग्लास मी उचलून त्याच्या नाकासमोर धरला. ग्लास म्हंजे हा, बोलली. आमच्यात ग्लास म्हंजे चहा प्यायचा. माज्या पोरानं हा उचलून ठेवला आन् तू मान डोलावलीस.

त्याला समजायला वेळ लागला. अनितानं हिंदीत परत सांगितलं. तेव्हा त्याचं तोंड असं उतरलं की टपरीवाल्यानं त्याला बाकडं पुढं केलं. तो बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिली आन् मला रागानं रडायला येत होतं. मी बोलली, तुला मराठी येत नाय, मला तुजी भाषा येत नाय, ठीक हाय. पण आमच्यात त्याला काच म्हणतात. काच. येवढाच शब्द. तो तुला येत असता तर माज्या पोराचा डोळा राहिला असता.

पिल्लेनं डोकं वर केलं.

"काँच," तो बोलला. "हिंदी में भी काँच ही बोलते हैं, अम्मा. आता था मुझे."